नागिणीची पिल्ले : एका कहाणीचे पुनर्वाचन

श्रावण लागला की आमच्याकडील काही देवळांच्या सभामंडपात दुपारच्या वेळी कहाण्या वाचण्याचा प्रघात अद्याप टिकून आहे. वाचणारी बाई वयस्क असते, पोथी जीर्ण असते, आणि ऐकणाऱ्या बायकांना प्रत्येक कहाणी आधीपासूनच पाठ असते. तरीही ती ऐकली जाते, हातात अक्षता घेऊन ऐकली जाते, आणि संपली की देवाला वाहिली जाते. ज्या वाङ्मयाला असा श्रोता लाभला, त्याच्याकडे आमच्या टीकाकारांनी मात्र फारसे वळून पाहिले नाही. ओवीला, अभंगाला, लावणीला मराठी टीकेने जे आसन दिले, ते कहाणीच्या वाट्यास आले नाही. १९१४ साली सी. ए. किंकेड यांनी ह्यांपैकी कित्येक कहाण्या इंग्रजीत नेल्या. पण ग्रंथास नाव दिले 'डेक्कन नर्सरी टेल्स'. म्हणजे गौरव झाला तोही बाळगोपाळांच्या खोलीत बसवून. आम्हांस वाटते की ह्या कहाण्यांपैकी निदान एक तरी प्रौढांनी, आणि त्यातही शेती करणाऱ्या किंवा शेतीच्या उत्पन्नावर जगणाऱ्या प्रौढांनी, पुन्हा नीट वाचावी. ती म्हणजे नागपंचमीची शेतकऱ्याची कहाणी.

कथा थोडक्यात अशी. एका शेतकऱ्याच्या शेतात नागाचे वारूळ आहे. नागपंचमीच्या दिवशीही तो नेहमीसारखा नांगर घेऊन शेतात जातो. नांगरता नांगरता फाळ वारुळात शिरतो आणि आतली पिल्ले मरतात. नागीण परत येते. वारूळ नाही, पिल्ले नाहीत. ती शोधू लागते आणि तिला रक्ताने माखलेला नांगर दिसतो. संतापून ती शेतकऱ्याचे घर गाठते आणि त्याला, त्याच्या मुलाबाळांना, सर्वांना दंश करून मारते. परगावी दिलेली एक लेक उरते. तिलाही संपवावे म्हणून नागीण तिच्या सासरी जाते, तो ती लेक पाटावर नागाची चित्रे काढून, दूध-लाह्या-दूर्वा वाहून, डोळे मिटून पूजेस बसलेली. नागिणीचा राग निवतो. ती बोलते, झाले ते सांगते, अमृत देते. लेक माहेरी जाऊन ते सर्वांच्या मुखी घालते आणि घर पुन्हा उभे राहते. शेवटी कहाणी सांगते की एवढे सारे व्रत कोणास जमले नाही, तर त्या दिवशी निदान जमीन खणू नये, चिरू नये, तळू नये, नागोबाला नमस्कार करावा.

प्रथम हे पाहावे की कथाकर्त्याला शिवाराची माहिती आहे. नागाची मादी साधारणतः चैत्र-वैशाखापासून आषाढापर्यंत अंडी घालते. ती उंदराच्या बिळात किंवा वारुळात घालते. आणि सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. म्हणजे श्रावणात वारुळात पिल्ले असणे हे अगदी निसर्गास धरून आहे. श्रावणात नांगर कसा, अशी शंका कोणी काढील. परंतु सोलापूर-विजापूरकडच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी भाद्रपदाच्या सुमारास पेरतात व त्यासाठी पावसाळ्यातच रान तयार करावे लागते. अशा मुलुखातल्या श्रोत्याला कथेतल्या शेतकऱ्याचे वेळापत्रक मुळीच विचित्र वाटणार नाही. वारूळ हे नागाने बांधलेले नसते, ते वाळवीचे काम. नाग तेथे बिऱ्हाडकरू. कहाणीत हे सांगितलेले नाही, पण सांगण्याची गरजही नव्हती. श्रोत्यांच्या घरामागेच वारूळ होते.

जेथे कथा निसर्ग सोडून जाते, ती जागाही पाहण्यासारखी आहे. नागाची मादी अंड्यांजवळ थांबते, परंतु पिल्ले बाहेर आल्यावर त्यांचे संगोपन ती करीत नाही. जन्मतःच ती विषारी व स्वतंत्र असतात. तेव्हा पिल्ले शोधीत फिरणारी आई ही प्राणिशास्त्रातली नव्हे, ती कवीची. आणि येथेच कहाणीचे मोठेपण आहे. ती नागिणीला आधी आई करते, मग वैरीण करते. क्रोधापूर्वी शोध आहे, शोधापूर्वी शून्य जागा आहे. जेमतेम तीनचार वाक्यांपुरते का होईना, आपण शेताकडे बांधावरून नव्हे तर जमिनीच्या पातळीवरून पाहतो. आपल्या ग्रामीण कथेत नांगराचे कौतुक विपुल आहे. फाळाखाली काय सापडले ह्याची चौकशी करणारी कथा मात्र फार विरळा.

दुसरी गोष्ट अपराधाची. शेतकरी दुष्ट नाही. त्याने वारुळाचा द्वेष केला नाही, पिल्लांना पाहून मारले नाही. तो नित्याचे काम करीत होता, एवढाच त्याचा गुन्हा. पुराणकथांतून शापाला बहुधा काही उद्धटपणा, काही अवज्ञा कारण असते. येथे कारण केवळ सवय. कहाणी नीतीचा फार कठीण प्रश्न फार सोप्या भाषेत मांडते: जो नाश हेतूवाचून झाला, त्याचे उत्तरदायित्व कोणाचे? आमच्या मते मराठीत हा प्रश्न इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच विचारला गेला असेल.

आता कहाणीचा दोष. तिच्या शेवटी अमृत येते. शेतकरी उठतो, बायको उठते, मुले उठतात, सुना उठतात. पिल्ले उठत नाहीत. नागिणीजवळ मेलेल्यांना उठविणारे अमृत होते, तर ते तिने आपल्या पिल्लांच्या मुखी का घातले नाही? कहाणी हा प्रश्न विचारीत नाही. घराचा हिशेब पुरा होतो, वारुळाचा तसाच राहतो, आणि श्रोत्या अक्षता वाहून उठतात.

ह्याच सणाची दुसरी एक कहाणी शेजारी ठेवली म्हणजे ही उणीव अधिक ठळक दिसते. त्या कहाणीत माहेर नसलेली धाकटी सून आहे. शेषनाग मामा होऊन तिला पाताळी नेतो. तेथे तिच्या हातून दिवा पडतो आणि नागाच्या पिल्लांची शेपटे भाजतात. पुढे तीच पिल्ले सूड घेण्यासाठी तिच्या घरी येतात, तो ती त्यांच्याच कुशलासाठी प्रार्थना करताना दिसते. ती राग विसरून तिला हार ठेवून जातात. येथेही अपराध नकळत घडलेला, येथेही पूजेने क्रोध शमलेला. पण भेद मोठा आहे. ज्यांना इजा झाली ती पिल्ले जिवंत आहेत आणि क्षमा त्यांनी स्वतः केली आहे. शेतकऱ्याच्या कहाणीत क्षमा आईने केली. मेलेल्यांच्या वतीने ती करण्याचा अधिकार तिला होता की नाही, हे कथेने उघडे ठेवले आहे. भाजलेल्या शेपटीला क्षमा शोभते. फाळाखाली गेलेल्या बिऱ्हाडाला दुसरे काही हवे असते.

कोणी म्हणेल, व्रताची फलश्रुती सांगणाऱ्या साध्या गोष्टीकडून एवढी अपेक्षा कशाला? परंतु जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या देवासमोर सांगितली गेली, तिच्यातली मोकळी राहिलेली जागाही पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली आहे. ती कोणी बुजवली नाही. पिल्लांना उठवून गोड शेवट करणे सोपे होते. परंतु आमच्या ऐकण्यात असा पाठ आलेला नाही. आम्ही त्या मौनाला कथाकर्त्याचा हेतू म्हणणार नाही. परंतु आजच्या शिवारात उभे राहून वाचले असता कहाणीचे सर्वांत खरे स्थळ तेच वाटते.

आजचे शिवार म्हणजे काय? सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव ह्या जिल्ह्यांतून कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा ह्यांच्या पाण्यावर पसरलेला ऊसपट्टा घ्यावा. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा राहतो, तोडणी झाली की खोडवा ठेवतात, आणि रान मोकळे असे राहतच नाही. एके काळी दोन शेतांमध्ये रुंद बांध असे. बांधावर बाभूळ, बोर, कडुनिंब. कडेने निवडुंगाचे नाहीतर शेराचे कुंपण. मध्ये एखादे न मोडलेले वारूळ. जमिनीच्या वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर आला, मग जेसीबी आला; बांध बारीक होत होत पाऊलवाटेएवढा झाला. उरल्या कडेवर तणनाशक फवारले जाते. तोडणीनंतर पाचट पेटविले जाते, आणि त्या आगीत वर जे चालते-सरपटते ते जळते. हे कोणी द्वेषाने करीत नाही. कर्ज आहे, मजुरांचा तुटवडा आहे, पुढच्या पिकाची घाई आहे. कहाणीतल्या शेतकऱ्याप्रमाणे हेही नित्याचे काम आहे.

त्याचे परिणाम मात्र अंगणापर्यंत आले आहेत. आमच्या वाचकांनी श्रावण-भाद्रपदातली पत्री आठवावी. जिवतीला आघाड्या-दूर्वांची माळ, गणपतीला माका, रुई, धोत्रा, डोरली, दूर्वा, शमी. ही काही घनदाट अरण्यातली दुर्मीळ वनस्पती नव्हे. बहुतेक सारी बांधावरची, पाणंदीतली, पडीक कडेची झाडोरी. जुन्या माणसांनी देवाला वाहायची पाने निवडली ती शेताच्या कडेवरून निवडली. ज्या कडेवर ही पाने, त्याच कडेवर फुलपाखरांच्या अळ्या, मधमाश्यांचे खाद्य, मुंगसाचे बीळ, धामणीचा निवारा. तणनाशकाच्या लेखी ह्या साऱ्यांचे नाव 'तण' एवढेच. आज शहरात आणि हळूहळू खेड्यातही पत्रीची जुडी विकत आणावी लागते, आणि जुडीत पुष्कळदा भलतीच पाने निघतात. पूजा चालू आहे, पण जिच्या जोरावर ती चालत आली ती कड नाहीशी होत आहे.

उसाच्या रानात उंदीर माजतो. उंदराला धामण खाते, नाग खातो, गव्हाणी घुबड खाते. धामणीला विष नाही, तरी दिसताच काठी पडते. मग उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडची आमिषे ठेवावी लागतात, आणि फुकट काम करणाऱ्या गड्याला हाकलून विकतचा गडी ठेवल्यासारखे होते. वाळवीचेही तेच. ती पिकाला उपद्रव देते हे खरे. पण वाळलेला पालापाचोळा मातीत मिसळणे, जमिनीत पोकळ्या करून पावसाचे पाणी आत मुरविणे, हीही कामे तिचीच आहेत.

येथे एका आक्षेपाला उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे, कारण तो खरा आक्षेप आहे. शहरात बसून नागाची कीव करणे सोपे. रात्री मोटार चालू करण्यासाठी उसात शिरणाऱ्याने काय करावे? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मरण पावली. म्हणजे दरवर्षी सरासरी ५८,०००. बहुतेक सारी खेड्यांतली, शेतात राबणारी, आणि सुमारे निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या महिन्यांतले. कहाणीत एका रात्रीत ओस पडणारे घर ही कविकल्पना नव्हे. म्हणूनच ती कहाणी नागाला गोजिरवाणे करीत नाही. तिच्यातली नागीण देवता आहे आणि मृत्यूही आहे. भय वगळून केलेली निसर्गभक्ती ही शेतकऱ्याच्या उपयोगाची नाही, आणि खरे पाहता प्रामाणिकही नाही.

पण ह्या भयाचे उत्तरही कहाणीतच आहे. घर उठविणारे अमृत कोठून येते? आकाशातून नव्हे, वैद्याच्या बटव्यातून नव्हे; जिने दंश केला तिच्याकडूनच येते. आज जी प्रतिसर्पविषाची लस आपल्याकडे दिली जाते, ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चौघांचे विष घोड्यांना अल्प प्रमाणात टोचून, त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांपासून करतात. विष नसेल तर लस नाही. कथाकर्त्याला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. पण जेथून संकट तेथूनच उपाय, ही त्याची दृष्टी होती. भारत सरकारने २०२४ साली सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली असून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते साधायचे तर तालुक्याच्या दवाखान्यात लस हवी, शेतकऱ्याच्या पायात उंच बूट हवा, हातात विजेरी हवी, आणि दंश झाल्यावर मांत्रिकाकडे वेळ दवडणे थांबले पाहिजे. नाग मारल्याने मृत्यूंची संख्या उतरत नाही. उंदीर वाढतात आणि उंदरांमागे घोणस घराजवळ येते.

आता कहाणीने सुचविलेल्या उपायाची परीक्षा करू. एक दिवस जमीन खणू नये. ह्या नियमाची थट्टा करण्याची आमची इच्छा नाही. वर्षातून एक दिवस का होईना, जमिनीच्या आत कोणी राहतो हे कबूल करणारा नियम जगात थोडा आहे. लेकीची पूजाही पाहावी: तिने नाग पकडून आणला नाही, गारुड्याच्या टोपलीपुढे पैसा टाकला नाही, पाटावर चित्र काढले. नाग आला तो आपल्या इच्छेने आला. तेव्हा जिवंत नाग पकडून, त्यांचे दात काढून, त्यांना दूध पाजण्याचा जो प्रकार अनेक गावी चाले, त्याला ह्या कहाणीचा कसलाही आधार नाही. सापाला दूध हे अन्न नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे नाग पकडणे हा गुन्हाही आहे.

तथापि बैलाच्या नांगरापासून संरक्षण करण्यास एक दिवसाचा नियम जेवढा पुरला असेल, तेवढा तो आज पुरणार नाही. बैलाचा नांगर एका दिवसात जेवढे रान फिरे, तेवढे ट्रॅक्टर तासाभरात फिरतो. आणि तणनाशकाचा परिणाम पंचमी संपली म्हणून संपत नाही. कालाची सवलत अपुरी पडली, तेव्हा स्थळाची सवलत द्यावी लागेल. ही कल्पना आमच्या परंपरेत नवीन नाही. तुळुनाडात नागबन असते, केरळात घराच्या आवारात सर्पकावू असते: लागवडीच्या ऐन मध्यावर नागासाठी सोडलेला, कोयता न लावलेला झाडोऱ्याचा तुकडा. तेथे नागाला दिवस दिलेला नाही, जमीन दिलेली आहे. अलीकडे तिथेही काही नागबनांत झाडे तोडून सिमेंटचे कट्टे बांधले गेले, हे दुःखाने नमूद करावे लागते. मूर्ती राहिल्या आणि बन गेले.

गोमंतकीय वाचकांना तर ह्या बाबतीत लांब जाण्याचे कारणच नाही. आमची सातेरी ही वारुळाच्या रूपात पूजिली जाते. कोकणीत ज्याला रोयण म्हणतात ती मातीची चढती रास हेच देवीचे आदिरूप. मुखवटा, पितळ, चांदी हे सारे मागाहून आले. ज्या समाजाने वाळवीच्या तोंडच्या मातीत भूमिदेवता पाहिली, त्याला कहाणीतल्या वारुळाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागू नये. मग गाभाऱ्यातल्या रोयणीला ओटी भरायची आणि देवळाच्या मागच्या शेतातली रोयण फावड्याने सपाट करायची, ह्या दोन गोष्टींची संगती कशी लावायची? आम्ही हा प्रश्न इतरांना विचारीत नाही, स्वतःला विचारीत आहोत. कारण देवस्थानांच्या जमिनी आहेत, त्यांचे महाजन आहेत, विश्वस्त आहेत, आणि त्यांत आमच्यापैकीच माणसे बसतात.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगाव समित्या नेमून लोकजैवविविधता नोंदवही करावयाची असते. त्या वहीत वाघ-बिबळ्यांची वाट पाहत बसण्यापेक्षा गावात वारुळे किती, रुंद बांध किती, आघाडा कोठे उगवतो, पिंगळा कोणत्या ढोलीत राहतो, हे लिहिले तर ती वही कहाणीच्या शेजारी ठेवण्याजोगी होईल. देवस्थानाच्या जमिनीतला एखादा गुंठा, वारूळ असेल तेथला, न नांगरता, न फवारता ठेवणे ह्याला कोणत्याही अनुदानाची गरज नाही. खंडाने शेत देताना एक अट वाढवावी लागेल, एवढेच. पत्रीही मग त्याच गुंठ्यात मिळेल.

टीकाकाराचे काम कथेला उपदेश चिकटविण्याचे नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ही कहाणी मूळचीच व्रताची आहे; ऐकून काही करावे म्हणूनच ती सांगितली गेली. तिचे सामर्थ्य आम्ही सांगितले, तिचे न्यून सांगितले. ते न्यून कथेत भरून काढण्याचा अधिकार आम्हांला नाही. मेलेली पिल्ले कोणत्याही नव्या पाठात उठवू नयेत. ती मेलेलीच राहावीत, म्हणजे ऐकणाऱ्याला पुढच्या पिल्लांची आठवण राहील. येत्या श्रावणात देवळात कहाणी वाचून झाली आणि अमृताने घर उठले, म्हणजे अक्षता वाहण्यापूर्वी एखाद्या लहान मुलीने विचारावे, "आजी, आणि पिल्लांचे काय झाले?" त्या वेळी आजीला बोट दाखविता येईल असे एखादे वारूळ देवळामागे शिल्लक असावे.